विल्ट चेंबरलेन : चुकलेल्या चेंडूंचा हिशेब

गेल्या अंकात सामान्यज्ञानाच्या पानावर आम्ही एक प्रश्न विचारला होता. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, एका सामन्यात सर्वाधिक रिबाउंड घेण्याचा विक्रम कोणाचा? उत्तर होते विल्ट चेंबरलेन, ५५ रिबाउंड, २४ नोव्हेंबर १९६०. उत्तराखाली आम्ही हौसेने ‘आजवरचा सर्वश्रेष्ठ रिबाउंडर’ असेही छापून टाकले. अंक घरोघरी पोचला आणि चारच दिवसांत एक पालक शाळेत आले. तरुणपणी ते स्वतः विद्यापीठाच्या संघातून खेळलेले. त्यांचे म्हणणे असे, की आकडा बरोबर आहे, पण विशेषण चुकीचे आहे. त्या काळी नेमबाजी इतकी कच्ची होती आणि खेळ इतका धावपळीचा होता, की चुकलेल्या चेंडूंचा नुसता पाऊस पडत असे. सात फुटी माणसाने हात वर केला तरी त्यात ओंजळभर मिळायचेच. दहावीच्या मुलांनी हे ऐकले आणि मधल्या सुट्टीत लगेच दोन तट पडले. एका तटाला विल्ट देव वाटू लागला, तर दुसऱ्याला नुसता खांब.

दुरुस्ती छापावी की छापू नये, हा प्रश्न आता आमच्यापुढे आला. एका ओळीत उत्तर देता येईना. म्हणून या अंकात त्या माणसाचे चरित्र थोडे विस्ताराने देत आहोत.

बास्केटबॉलशी ज्यांचा फारसा संबंध नाही (आमच्या विश्वस्त मंडळींचा जीव क्रिकेट आणि खो-खोतच अधिक रमतो, हे आम्ही जाणतो) त्यांच्यासाठी आधी रिबाउंड म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. खेळाडूने रिंगकडे चेंडू टाकला आणि तो आत न जाता रिंगवर किंवा मागच्या फळीवर आपटून परत आला, की तो कोणाचाच नसतो. तो जो झडप घालून पकडेल त्याच्या नावावर एक रिबाउंड लागतो. गुणफलकावर त्याने काहीच हलत नाही. पण बास्केट करायला आधी चेंडू हाती असावा लागतो, आणि तो हाती आणून देण्याचे हे काम आहे. आपल्या घरात सकाळी पाणी भरून ठेवणाऱ्याचे नाव जेवणाच्या पंगतीत कोणी काढत नाही, तसेच काहीसे.

विल्टन नॉर्मन चेंबरलेन याचा जन्म २१ ऑगस्ट १९३६ रोजी फिलाडेल्फिया शहरात झाला. घर कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचे. वडील मिळेल ते हातकाम करीत, आई लोकांच्या घरी स्वयंपाकपाण्याला जाई. भावंडांचे मोठे लेंढार. लहानपणी विल्टला न्यूमोनिया झाला, तो जिवावरच बेतला होता. शाळेचे एक अख्खे वर्ष बुडाले. पुढे ज्याच्या ताकदीच्या दंतकथा झाल्या तो मुलगा एके काळी अंथरुणाला खिळून होता, हे आमच्या लहान वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. बरा झाल्यावर त्याचे मन रमले ते धावण्यात, उंच उडीत आणि गोळाफेकीत. बास्केटबॉल हा त्याला सुरुवातीला पोरखेळ वाटे. पण फिलाडेल्फियाच्या त्या वस्तीत प्रत्येक गल्लीत एक रिंग होती आणि विल्ट वर्षागणिक ताडासारखा वाढत होता. ओव्हरब्रुक हायस्कूलमध्ये पाऊल टाकले तेव्हाच तो सात फुटांना टेकला होता. पुढे त्याची उंची सात फूट एक इंच भरली. दारातून जाताना त्याला वाकावे लागे, त्यावरून दोस्तांनी त्याला ‘डिपर’ म्हणायला सुरुवात केली. त्याचे पुढे ‘बिग डिपर’ झाले. आपण ज्याला सप्तर्षी म्हणतो, त्या आकाशातील तारकांनाच इंग्रजीत हे नाव आहे. वर्तमानपत्रांनी त्याच्या उंचीवरून दुसरे एक थट्टेचे नाव ठेवले होते, बांबूच्या पायांवर चालणाऱ्या माणसाचे. ते त्याला कधीच आवडले नाही. सप्तर्षी मात्र आवडले. पुढे लॉस एंजेलिसमध्ये बांधलेल्या घरालाही त्याने त्याच तारकासमूहाचे नाव दिले.

ओव्हरब्रुकचा संघ त्याच्या तीन वर्षांत ५६ सामने जिंकला आणि फक्त ३ हरला. एका सामन्यात त्याने एकट्याने ९० गुण केले. शाळेत शिकणाऱ्या या मुलावर फिलाडेल्फिया वॉरियर्स या व्यावसायिक संघाचे मालक एडी गॉटलिब यांनी १९५५ मध्येच आपला हक्क नोंदवून ठेवला. नियमाप्रमाणे कॉलेजची वर्षे मात्र थांबावे लागणार होते. शेकडो विद्यापीठांतून बोलावणी आली, त्यातून त्याने कॅन्सस निवडले. तिथल्या वरिष्ठ संघातून ३ डिसेंबर १९५६ रोजी खेळलेल्या पहिल्याच सामन्यात ५२ गुण आणि ३१ रिबाउंड. मार्च १९५७ मध्ये राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेचा अंतिम सामना तीनदा जादा वेळ खेळूनही सुटेना. अखेर नॉर्थ कॅरोलायनाने तो ५४-५३ असा एका गुणाने जिंकला. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू विल्ट ठरला, पण चषक दुसऱ्याच्या हातात. हे दृश्य त्याच्या आयुष्यात पुढे इतक्या वेळा आले, की त्याची सुरुवात इथे झाली असे म्हणायला हरकत नाही. त्या वर्षांत त्या भागात काळ्या माणसाला हॉटेलात बसून जेवू देतील याची खात्री नसे, आणि दक्षिणेत सामने खेळताना प्रेक्षकांतून शिव्या येत. तो पराभव आणि ते वातावरण यांचा सल त्याच्या मनात चाळीस वर्षे राहिला. १९९८ साली कॅन्ससने त्याची जर्सी सन्मानाने भिंतीवर चढवली, तेव्हा कुठे तो मोकळ्या मनाने तिथे परतला.

पदवी पुरी न करता त्याने कॉलेज सोडले, एक वर्ष हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रदर्शनी खेळ करणाऱ्या संघाबरोबर जगभर भटकला (रशियासुद्धा पाहून आला), आणि १९५९ च्या हिवाळ्यात एनबीएत उतरला. पहिल्याच मोसमात सामन्यामागे ३७.६ गुण आणि २७ रिबाउंड. नवोदितांतील सर्वोत्तम तोच आणि सगळ्यांतील सर्वोत्तमही तोच.

पुढची काही वर्षे लोकांनी पाहिली ती गुणांची. २ मार्च १९६२ रोजी हर्शी या गावी न्यूयॉर्कविरुद्ध त्याने १०० गुण केले. प्रेक्षक चार हजारांच्या आसपास, आणि चित्रफीत कोणाकडेच नाही. त्या मोसमाची त्याची सरासरी ५०.४. या आकड्यांच्या झगमगाटात एक गोष्ट झाकली गेली : शंभर गुणांच्या त्या रात्री त्याने २५ रिबाउंडही घेतले होते आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. त्याच्यासाठी तो रोजचा हिशेब होता.

आता आमच्या पालकांच्या आक्षेपाकडे वळू. आकडे तपासल्यावर आम्हाला कबूल करावे लागते, की तो पोकळ नाही. १९६१-६२ च्या मोसमात एनबीएतला एक संघ एका सामन्यात सरासरी १०८ वेळा रिंगकडे चेंडू टाकत असे, आणि त्यातले जेमतेम ४३ टक्के आत जात. तीस वर्षांनी, १९९१-९२ मध्ये, हेच प्रयत्न ८७ वर आले आणि नेमबाजी ४७ टक्क्यांवर गेली. परिणाम असा, की १९६१-६२ मध्ये दोन्ही संघ मिळून एका सामन्यात सुमारे १४२ रिबाउंड मोजले जात, तर १९९१-९२ मध्ये सुमारे ८७. शिवाय विल्ट मैदानाबाहेर बसतच नसे. ४८ मिनिटांच्या सामन्यात त्या वर्षी त्याची सरासरी होती ४८.५ मिनिटे! जादा वेळेचे सामने धरल्यामुळे हा चमत्कार होतो. पूर्ण मोसमात तो फक्त आठ मिनिटे बाहेर होता, तीही पंचांशी वाद घालून मैदानाबाहेर काढल्यामुळे.

आमच्या विद्यार्थ्यांना हे सहज कळेल. दीडशे गुणांच्या पेपरात ९० मिळवणारा आणि शंभराच्या पेपरात ७० मिळवणारा, यांत पुढे कोण हे नुसते ९० आणि ७० पाहून सांगता येत नाही. तेव्हा टक्केवारी काढू या. १९६१-६२ मध्ये विल्टचे २५.७ रिबाउंड, एकूण १४२ पैकी. म्हणजे साधारण १८ टक्के. आता १९९१-९२ मधला डेनिस रॉडमन घ्या. उंची सहा फूट सात इंच, म्हणजे विल्टपेक्षा वीतभर कमी. त्याचे १८.७ रिबाउंड, एकूण ८७ पैकी. म्हणजे २१ टक्क्यांहून अधिक, आणि तेही ४८ पैकी ४० मिनिटेच खेळून. मैदानावर असताना पडलेल्या प्रत्येक चार चुकलेल्या चेंडूंपैकी एक रॉडमनचा, असा हा हिशेब होतो. विल्टच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे, की जुन्या काळी रेषेबाहेर गेलेले चेंडूही संघाच्या नावावर रिबाउंड म्हणून मोजत. त्यामुळे त्या १४२ मध्ये काही फुगवटा आहे, आणि विल्टचा खरा वाटा अठराहून थोडा वरच भरेल. पण रॉडमनपर्यंत तो पोचत नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

इथे आमचे विशेषण गेले. निदान ‘सर्वश्रेष्ठ’ हा शब्द आम्ही मागे घेतो.

पण म्हणून तो नुसता खांब ठरतो का? दुसऱ्या तटाच्या मुलांनी इतक्यात टाळ्या पिटू नयेत. उंचीनेच रिबाउंड मिळत असते तर मॅन्यूट बोल या सुदानी खेळाडूला कोणी हरवू शकले नसते. त्याची उंची सात फूट सात इंच, विल्टपेक्षा तब्बल सहा इंच जास्त. कारकिर्दीत त्याचे रिबाउंड सामन्यामागे ४.२. आणि चुकलेल्या चेंडूंचा पाऊस म्हणाल तर तो विल्टच्या एकट्याच्या अंगणात पडत नव्हता. त्याच १९६१-६२ मध्ये, त्याच मैदानांवर, वॉल्ट बेलामीला १९ रिबाउंड मिळाले, बॉब पेटिटला १८.७. हे दोघेही थोर सेंटर-फॉरवर्ड मानले जातात. विल्ट त्यांच्यापेक्षा सहा-सात चेंडूंनी पुढे होता. त्याच्या आसपास एकच माणूस होता, २३.६ रिबाउंडवाला. त्याचे नाव बिल रसेल.

रसेलशिवाय विल्टची गोष्ट पुरी होत नाही. बोस्टन सेल्टिक्सचा हा सेंटर विल्टपेक्षा तीन-चार इंचांनी बुटका. गुण थोडे करायचा, पण तेरा मोसमांत अकरा विजेतेपदे. विल्टच्या वाट्याला फक्त दोन आली. दोघे दहा वर्षे समोरासमोर उभे राहिले, सुमारे १४० सामन्यांत. त्या सामन्यांत विल्टचे सरासरी रिबाउंड २८ च्या वर, रसेलचे २४ च्या आत. म्हणजे जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या रिबाउंडरच्या छातीवर बसून विल्ट आपल्या नेहमीच्या सरासरीपेक्षा जास्त चेंडू काढीत असे. ज्याला हा नुसत्या उंचीचा खेळ वाटतो त्याने या एका आकड्याचा विचार करावा. ते ५५ रिबाउंडही दुबळ्या संघाविरुद्ध नव्हते. समोर रसेलच होता, आणि आधीचा ५१ चा विक्रमही त्याचाच. फक्त त्या रात्री सामना बोस्टनने जिंकला, १३२-१२९ असा.

हे ‘फक्त’ विल्टच्या फार जिव्हारी लागले असणार. टीकाकार म्हणत, तो संघासाठी खेळत नाही, आकड्यांसाठी खेळतो. त्यात थोडे तथ्य असावे असे आम्हालाही वाटते. आपण कधीही सहा फाउल होऊन बाहेर गेलो नाही, हा विक्रम त्याने कारकीर्दभर सांभाळला, आणि चार-पाच फाउल झाल्यावर तो बचावात हात आखडता घेतो, असा आरोप त्याच्यावर होत असे. प्ले-ऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या सामन्यांत तर रिबाउंडची सरासरी रसेलचीच किंचित वर आहे : २४.९, विल्टची २४.५. फरक केसाएवढा, पण जिथे खरी परीक्षा तिथला. रसेलच्या गटातल्या आमच्या वाचकांना हा मुद्दा आम्ही मोकळ्या मनाने देऊन टाकतो. मैदानाबाहेर हे दोघे मित्र होते, हेही जाता जाता सांगू. फिलाडेल्फियात सामना असला की रसेल विल्टच्या घरी त्याच्या आईच्या हातचे जेवायला जात असे.

१९६४ मध्ये एनबीएने रिंगखालचा रंगवलेला पट्टा १२ फुटांवरून १६ फूट रुंद केला. आक्रमण करणाऱ्याला त्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. रिंगखाली ठाण मांडणाऱ्या विल्टसारख्यांना दूर ढकलणे हाच हेतू. १९६५-६६ मध्ये विल्टचे रिबाउंड झाले २४.६. पट्टा रुंद झाला, आणि या गड्याने चार पावले अधिक टाकली, एवढाच फरक.

त्याच्या चरित्रातील आम्हाला सर्वांत आवडलेला भाग इथून पुढचा आहे. १९६५ मध्ये तो आपल्या जन्मगावच्या नव्या संघात, फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्समध्ये आला होता. १९६६ मध्ये ॲलेक्स हॅनम हे प्रशिक्षक आले आणि त्यांनी त्याला गुण कमी करायला सांगितले. पन्नास गुणांची चटक लागलेल्या माणसाला हे सांगणे म्हणजे सवाई गंधर्वांच्या मैफलीत गायकाला तंबोरा धरायला सांगण्यासारखे. विल्टने ऐकले. त्याचे गुण २४ वर उतरले. रिबाउंड मात्र २४ वरच राहिले आणि सहकाऱ्यांना बास्केट करून देणारे पास जवळजवळ आठवर गेले. संघाने ६८ सामने जिंकले, १३ हरले. मग एप्रिल १९६७ मध्ये समोर पुन्हा बोस्टन, आठ वर्षे सलग विजेते. तिसऱ्या सामन्यात विल्टने ४१ रिबाउंड घेतले. प्ले-ऑफमधला हा विक्रम आजही अबाधित आहे. पाचव्या सामन्यात ३६, आणि निकाल १४०-११६. पूर्ण मालिकेत त्याची सरासरी होती ३२ रिबाउंडची. बोस्टनची सद्दी संपली. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोला हरवून विल्ट पहिल्यांदा विजेता झाला. वय तीस.

सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. १९६८ मध्ये तो लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेला आणि ५ मे १९६९ रोजी पुन्हा बोस्टनविरुद्ध अंतिम मालिकेचा सातवा सामना आला. त्या दिवशी विल्टने २७ रिबाउंड घेतले. सामना संपायला पाच-सहा मिनिटे उरली असताना एक रिबाउंड घेऊन खाली येताना त्याचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर बसला. थोड्या वेळाने त्याने परत खेळण्याची तयारी दाखवली. प्रशिक्षकांनी त्याला बसवूनच ठेवले. लेकर्स दोन गुणांनी हरले, १०८-१०६. रसेलचा तो शेवटचा सामना. विल्ट मैदान सोडून गेला याबद्दल रसेल नंतर जाहीरपणे कठोर बोलला आणि आईच्या हातच्या जेवणाची ती मैत्री तुटली. दोन दशकांहून अधिक काळ दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. आमच्या मते हा अन्याय होता. रिबाउंडसाठी उडी मारतानाच मोडलेल्या गुडघ्याबद्दल माणसाच्या धैर्याची शंका घ्यावी, हे रसेलसारख्या थोराला शोभले नाही. पुढे त्याने चूक कबूल केली आणि दोघे पुन्हा एकत्र आले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात विल्टचा गुडघा पुन्हा गेला. स्नायुबंध तुटला, शस्त्रक्रिया झाली, वय तेहतीस. त्या काळच्या वैद्यकाचा विचार करता कारकीर्द संपली असेच सगळ्यांनी धरले. तो मार्चमध्ये परत आला. गुडघ्यात पूर्वीची उसळी राहिली नव्हती. उडी कमी झाली तशी जागा घेण्याची अक्कल वाढली. चेंडू कोणत्या कोनातून टाकला आहे, म्हणजे तो कुठे आपटून कुठे येईल, याचा अंदाज घेऊन समोरच्याला पाठीने मागे रोखून धरायचे आणि मग चेंडू उचलायचा. आमचे क्रीडाशिक्षक मुलांना जे रोज घसा कोरडा करून सांगतात ते हेच!

१९७१ मध्ये बिल शारमन लेकर्सचे प्रशिक्षक झाले. हे जुने सेल्टिक्सवाले. त्यांनी विल्टला सांगितले, गुण इतर करतील, तू रिबाउंड घे आणि खाली पाय टेकण्याआधीच चेंडू पुढे धावणाऱ्याच्या हाती दे. जेरी वेस्ट आणि गेल गुडरिच हे दोघे वाऱ्यासारखे धावत. विल्टच्या हातून चेंडू सुटला की तीन सेकंदांत पलीकडच्या रिंगमध्ये. एके काळी ५० गुण करणाऱ्या या माणसाची सरासरी त्या मोसमात १४.८ वर आली. रिबाउंड १९.२, सर्वांत अधिक. नोव्हेंबर १९७१ ते जानेवारी १९७२ या काळात लेकर्स ओळीने ३३ सामने जिंकले. अमेरिकेच्या कोणत्याही मोठ्या व्यावसायिक खेळात इतकी लांब विजयमालिका दुसऱ्या संघाला जमलेली नाही. मोसमअखेर ६९ विजय, १३ पराभव. अंतिम मालिकेत न्यूयॉर्कविरुद्ध चौथ्या सामन्यात विल्टच्या हाताला दुखापत झाली, हात सुजला. पाचव्या सामन्यात तो हात बांधून उतरला आणि २४ गुण, २९ रिबाउंड घेऊन आला. ७ मे १९७२. दुसरे विजेतेपद. मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

आता तो शेवटचा मोसम पाहा, १९७२-७३. वय छत्तीस, मोसमातले ८२ च्या ८२ सामने खेळला. रिबाउंड १५२६. वर ज्याचा उल्लेख केला त्या रॉडमनने तीस वर्षांचा असताना आपल्या सर्वांत भरघोस मोसमात ८२ सामन्यांत घेतले १५३०. चार चेंडूंचा फरक! अर्थात १९७३ मध्ये चुकणारे चेंडू अजूनही थोडे जास्त होते, दोन्ही संघ मिळून सामन्याला शंभराच्या आसपास. तेव्हा टक्केवारीत रॉडमन पुढेच राहतो. पण आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट सापडली आणि तीच या लेखाचे कारण झाली. पंचविशीतल्या, उंच उडी जिंकणाऱ्या विल्टचा वाटा आम्ही १८ टक्के काढला होता. छत्तिशीतल्या, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या विल्टचा वाटा किती येतो? सामन्यामागे १८.६, शंभर-एकशेएक पैकी. म्हणजे पुन्हा अठराच्या वरच, आणि आता पूर्ण ४८ नव्हे, ४३ मिनिटांत. रिबाउंड सत्तावीसवरून अठरावर आले ते पाऊस कमी झाला म्हणून. ओंजळ तेवढीच राहिली. गुणांची सरासरी मात्र ५० वरून १३ वर आली होती. लोक ज्यासाठी त्याला ओळखत ते गेले आणि ज्याकडे कोणी पाहत नव्हते ते शेवटपर्यंत टिकले. चौदा मोसमांपैकी अकरा मोसमांत रिबाउंडमध्ये तो पहिला होता, शेवटच्या मोसमासकट.

१० मे १९७३ रोजी अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात न्यूयॉर्कने लेकर्सला १०२-९३ असे हरवले. तो विल्टचा एनबीएतला शेवटचा सामना. त्यातही त्याचे २१ रिबाउंड आहेत. पुढे तो व्हॉलीबॉलकडे वळला, तिथेही व्यावसायिक स्पर्धांत खेळला. मुलींच्या धावण्याच्या संघाला त्याने पैसा पुरवला, एका सिनेमात कामही केले. बास्केटबॉलच्या सन्माननीयांतही त्याची गणना झाली. १२ ऑक्टोबर १९९९ रोजी सप्तर्षींच्या नावाच्या त्या घरात हृदयविकाराने त्याचे निधन झाले. वय ६३. श्रद्धांजलीच्या सभेला बिल रसेल आला होता.

विल्ट निवृत्त झाला त्याच्या दुसऱ्याच मोसमात, १९७३-७४ मध्ये, एनबीएच्या गुणपत्रिकेत नवे रकाने आले : आपल्या संघाने चुकवलेल्या चेंडूंवरचे रिबाउंड वेगळे, समोरच्यांनी चुकवलेल्यांवरचे वेगळे, आणि हवेत अडवलेले फटके वेगळे. त्याच्या २३,९२४ रिबाउंडसमोर यातला एकही रकाना भरलेला नाही. दुसऱ्या क्रमांकावरच्या रसेलचे २१,६२०, तिसऱ्या करीम अब्दुल जब्बारचे १७,४४०.

तेव्हा गेल्या अंकातील दुरुस्ती अशी वाचावी : उत्तरातील ‘आजवरचा सर्वश्रेष्ठ रिबाउंडर’ हे शब्द काढून त्याजागी ‘सर्वाधिक रिबाउंड घेणारा खेळाडू’ असे घालावे. आकडा ५५ कायम आहे. आक्षेप घेणाऱ्या पालकांनी दर शनिवारी सकाळी कोर्टावर येऊन मुलांना पाठीने रोखून धरण्याची ती युक्ती शिकवण्याचे कबूल केले आहे. दोन्ही तटांच्या मुलांनी साडेसातला हजर राहावे, आणि बूट घालून यावे.